कुलूप लावायचं राहतं

"आणि कुलूप?"

अक्कांनी असंच विचारलं, की माझी आठवण ते आता रचते आहे, कोण जाणे. आठवणींवर माझा फारसा विश्वास नाही. मेंदूत त्या कशा बदलत जातात, हे मीच वर्गात शिकवत असे.

"कुलूप राहून जातं," मी म्हणालो.

अक्कांच्या त्या नदीकाठच्या मठात मी गेलो होतो तो याचसाठी. माझी पत्नी शालन जाऊन वर्ष झालं होतं. बाहेर पडताना मी अजूनही आत बघून "येतो गं" म्हणे, दार नुसतं ओढून घेई आणि चालू लागे. घरात माणूस असताना कुलूप कोण लावतं?

शेजाऱ्यांनी मुलीला कळवलं. तिचा एकच धोशा होता, बाबा, घर विका आणि माझ्याकडे या. मला ते घर सोडवत नव्हतं.

अक्का वाती वळत होत्या. नजर मात्र समोरच्या पाण्यावर.

मी त्यांना समजावून सांगितलं. सवयीच्या कामावर मेंदू लक्ष खर्च करत नाही. तुमच्या या वातींसारखंच. जे घडायला हवं ते घडलं नाही, तरच लक्ष जागं होतं.

"सगळं तर ठाऊक आहे तुम्हाला, डॉक्टर. मग इथं काय वाती वळायला आलात?"

"ठाऊक आहे. पण घरी ते उपयोगी पडत नाही."

त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

बराच वेळ बसून मी उठलो. नमस्कार केला.

"येतो, अक्का."

उत्तर आलं नाही.

मी पायरीवर घुटमळलो. एका पायात चप्पल, दुसरी तशीच.

"का थांबलात?"

"तुम्ही 'या' म्हणाला नाहीत."

"घरी थांबता असे?"

...

घरी मी थांबत नसे. "येतो गं" म्हटलं की घाईने जिना उतरायचो. मागून शालनचं 'या' ऐकू येणार नाही, याची भीती वाटे. हे मी अक्कांना सांगितलं, की नुसती मान हलवली, आठवत नाही.

त्यावर त्या जे म्हणाल्या, ते मी माझ्या सोयीने घडवलं असावं, अशी शंका मला कितीतरी वर्षं होती. मग मठातल्या कृष्णाताई एका लग्नात भेटल्या. त्या दिवशी त्या अक्कांच्या शेजारीच कापसातली सरकी काढत बसल्या होत्या. मी काही न सुचवता त्यांना विचारलं. त्यांनाही शब्दन् शब्द तेच आठवत होतं.

"थांबत जा. तिचं 'या' येऊ द्या. मग कुलूप लावा."