उघड्या टाक्याच्या वहाणा

आधीच हात जोडून सांगतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधे, रोजच्या वापरातले आहेत. चूकभूल पोटात घाला आणि गोष्ट तेवढी ऐका.

एका राज्यात दुःख सरत नसे. इतर राज्यांत माणूस गेलं की लोक रडतात, तेरावा होतो, मग हळूहळू भाकरीला चव येते. इथे तसं होत नसे. बारा वर्षांमागे नवरा गेलेली बाई आजही चुलीपुढे बसून पहिल्या दिवसाचंच रडू रडे. पोरं मोठी झाली, छपरं बदलली, रडू तेच राहिलं.

पूर्वी असं नव्हतं. राज्याच्या टोकाला डोंगरावर वाटजाईचं देऊळ होतं. मनावर घाव बसला की माणूस एकवीस कोस चालत जाई, आईच्या पायरीवर दुःख उतरवी आणि हलका होऊन घरी येई. पण बारा वर्षांपूर्वी ती वाट संपेनाशी झाली. गेलेला पोचत नसे, परतही येत नसे. त्याच साली राणी इरावती राजवाड्यातून नाहीशी झाली आणि राजा सोमवर्म्याने बोलणं टाकलं. दोन्ही गोष्टींचा मेळ कुणी घातला नाही. घातला असेल, तर मोठ्याने सांगितला नाही.

त्या राज्यात दौलू नावाचा तरुण वहाणा शिवी. हाताचा पक्का, तोंडाचा अबोल. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता पायांकडेच बघून बोले. सगुणा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. तिच्या पावलाचं माप त्याने दोऱ्यावर सात गाठी मारून घेतलं आणि तो दोरा मनगटाला बांधला.

नवरीच्या वहाणांची त्यांच्यात एक रीत होती. शेवटचा टाका उघडा ठेवायचा. नवरीने वहाणा घालून तीन पावलं चालायचं, मग बसायचं, आणि शिवणाऱ्याने तेव्हा गाठ मारायची. गाठ बसली की वहाणा तिच्या झाल्या.

हळदीच्या आदल्या दिवशी सगुणा दाराशी आली. आत आली नाही.

"दौलू, तू वाईट नाहीस. पण माझं मन तुझ्यात नाही. उद्या खोटं हसून उभी राहण्यापेक्षा आज खरं सांगते."

"दुसरं कुणी?"

"आहे."

एवढंच बोलून ती गेली आणि खाऱ्या नदीपलीकडच्या तांड्याबरोबर निघून गेली. वहाणा राहिल्या, टाका उघडा राहिला.

तिसऱ्या सांजेपासून वहाणा चालू लागल्या. दिवा लागला की कोनाड्यातून उतरत, अंगणात तीन पावलं जात, थांबत, परत येत. नव्या चामड्याची कर्र कर्र साऱ्या आळीला ऐकू येई. दौलू जेवेना. हातात चामड्याला भोकं पाडायची आरी धरवेना. तेव्हा त्याचे गुरू गुणाजीबाबा काठी टेकत आले.

"उघडा टाका ठेवून झोपू नये, लेकरा. दोरा भटकतो. मार गाठ."

"हात उचलत नाही, बाबा."

"मग वाटजाईला जा. वहाणा तिच्या पायरीवर ठेवून ये."

"ती वाट संपत नाही म्हणतात."

"आणि तुझं हे संपतंय होय? इथे बसून वाळण्यापेक्षा चालून वाळ."

दौलूने वहाणा फडक्यात बांधल्या, आरी आणि चामडं कापायची रापी कमरेला खोचली, पाण्याचा तुंबा घेतला आणि निघाला. स्वतःच्या पायात काही घालायची त्याला शुद्ध नव्हती.

वाटेला सावली नव्हती. झाडं होती, ऊन होतं, पण सावली कशाचीच नव्हती. कडेला मधून मधून माणसाच्या उंचीचे दगड उभे होते. दौलूने एकाला हात टेकला. दगड कोमट होता, आणि आत कुणी झोपेत घेतं तसा सावकाश श्वास चालला होता. त्याने हात काढला आणि मग कशाला टेकला नाही.

वाळका उंबर लागला. अर्ध्या दिवसाने पुन्हा तोच उंबर लागला. दिवस कलताना तिसऱ्यांदा लागला, आणि तेव्हा मागून हाक आली.

"वाट कुणाची?"

आता हेही सांगायला हवं की वाटजाईच्या वाटेवर हाकेला ओ देण्याची रीत होती. एकाने विचारायचं, "वाट कुणाची?" दुसऱ्याने म्हणायचं, "चालणाऱ्याची!" धुक्यात कुणी चुकू नये म्हणून. लहान मूलही झोपेत हे उत्तर देई. पण आवाज सगुणेचा होता. दौलूच्या तोंडून गेलं, "तुझी."

पायाखालची वाट सापासारखी सळसळली आणि लांब झाली. त्याने खाली पाहिलं, तर त्याची पावलं घोट्यापर्यंत दगडाची झाली होती. मागे कुणी नव्हतं. पाठीवरचं फडकं मात्र सुटलं होतं, आणि वहाणा त्याच्या मागे तीन पावलांवर उभ्या होत्या.

"झालं!" उंबरावरून टिटवी बोलली. "इथे येणारा प्रत्येक जण हेच उत्तर देतो. कुणी म्हणतो माझ्या लेकाची, कुणी म्हणतो माझ्या धन्याची. आणि मग उभा राहतो. ते बघ, रांग लागलीय."

"मी आता काय करू, टिटवीबाई?"

"तीन दगड तुझ्याकडे काही मागतील. मागतील ते दे. आणि थांबू नकोस. थांबलास की गुडघे जातील."

टाक, टाक, दगडी पावलं वाजवत दौलू निघाला. मागून कर्र कर्र वहाणा निघाल्या.

पहिला दगड शेवाळाने हिरवा झाला होता. त्यातून म्हातारीचा आवाज आला. "लेकरा, माझे डोळे धुऊन दे. लेक दर्यावर गेला, त्याची वाट बघता बघता डोळ्यांवर शेवाळ चढलं."

दौलूच्या तुंब्यात दोन दिवसांचं पाणी होतं. त्याने सगळं ओतलं आणि अंगठ्याने शेवाळ काढलं. खालून दोन डोळे उघडले आणि बारा वर्षांचं पाणी वाहू लागलं. तुंबा काठोकाठ भरला.

"ने," म्हातारी म्हणाली. "पिऊ नकोस, खारट आहे."

दौलूने आपल्या पायांकडे पाहिलं. ते तसेच होते.

"काम केलं," तो टिटवीला म्हणाला. "पाय काही हलके झाले नाहीत."

"होतील असं मी कधी म्हटलं?" टिटवी म्हणाली आणि उडाली.

दुसरा दगड कमरेत वाकलेला होता, आणि तो आधीपासूनच ओरडत होता. "कोण आहे रे? चामड्याचा वास येतोय! आरी आहे का? असेल तर इकडे ये, नसेल तर चालता हो!"

"आहे. आपण कोण?"

"राजाचा शिपाई रणोजी. आज्ञा होती, राणीसाहेब सापडेपर्यंत कुठे थांबू नकोस. थांबलो फक्त काटा काढायला. बारा वर्षं झाली, वाकलोय तो वाकलोय. उजव्या टाचेत बघ. अरे, हळू! आरी आहे की पहार, गाढवा?"

दौलूने जोर लावला. कट्‌ आवाज झाला, आरी मोडली आणि काटा बाहेर आला. बोटभर लांब, लोखंडासारखा काळा.

"आरी गेली तुझी," शिपाई वरमून म्हणाला. "काटा ठेव. दुसरं माझ्याजवळ काही नाही."

दौलूने काटा पागोट्यात खोचला.

मग किती चालला, ते त्याला कळलं नाही. संध्याकाळ झाली होती आणि ती पुढे सरकत नव्हती. वाऱ्याविना गवत हलत होतं. मागून आवाज येई, कधी हसून, कधी रडून. "दौलू, दमलास रे. बस जरा. मी आलेच." त्याचे गुडघे थंड पडू लागले होते.

वळणावर तिसरा दगड होता. तो पांढरा होता आणि त्याच्या पायथ्याशी माती लाल ओली होती. दगडाला दोन अनवाणी पावलं होती, अजून माणसाची, आणि ती रक्ताळलेली होती.

"वहाणा शिवणारा आहेस," दगड म्हणाला. "आधी पायांकडे बघितलंस."

"चुकलं. आपण कोण?"

"इरावती."

दौलूने मान आणखी खाली घातली.

"माझं बाळ गेलं," राणी म्हणाली. "महाराज म्हणाले, दार लावून घरात रडू. मला चालायचं होतं. मी निघाले. त्यांना वाटलं, मी त्यांना टाकून चालले. त्यांनी कंकाळ मांत्रिकाला सांगितलं, हिला परत आण. कंकाळ म्हणाला, चालत्या पायांना मी वळवू शकत नाही, पण वाटेला गाठ मारतो, ती संपणार नाही, दमली की आपणच माघारी येईल. मी माघारी गेले नाही. आणि आता पाऊल उचलत नाही. मला वहाणा दे."

दौलूने मागे पाहिलं. वहाणा उभ्या होत्या. त्याने वाकून त्या उचलल्या, तर त्या थरथरत होत्या, धरलेल्या पाखरासारख्या. त्याने राणीच्या पावलाशी एक धरून बघितली. पाऊल मोठं होतं. सुजलेलं होतं. वहाण दोन बोटं कमी पडत होती.

शिवण उसवावी लागणार होती. चामडं भिजवून ताणावं लागणार होतं. सगुणेचं माप मोडावं लागणार होतं.

त्याने कमरेची रापी काढली, आणि वहाणांमधून सगुणा बोलली, अगदी कानाशी. "माझं माप मोडशील? मग मी परत आले तर काय घालू? हे एवढंच माझं उरलंय तुझ्याजवळ. हे गेलं की मी गेले."

दौलूचा हात थांबला. मांड्यांपर्यंत गारठा चढला. समोर दगड, मागे दगडांची रांग, आणि तिच्यात एक जागा रिकामी होती, बरोबर त्याच्या उंचीची.

"महाराणी," तो हळू म्हणाला, "ही परत येईल म्हणते."

"परत येईन असं तिने स्वतः कधी म्हटलं होतं का?"

दौलू आठवू लागला. दाराशी उभी राहिलेली सगुणा, आत न आलेली. तिने नजर चुकवली नव्हती. उद्यावर ढकललं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. मग वहाणांना म्हणाला, "तू सगुणा नाहीस. सगुणा माझ्याशी खोटं बोलली नव्हती."

त्याने शिवण उसवली. आतून किंकाळी निघाली आणि डोंगरावर आपटून परत आली. त्याने रापी थांबवली नाही. म्हातारीच्या तुंब्यातलं खारं पाणी चामड्यावर ओतलं, चामडं मऊ पडलं. आरी नव्हती, शिपायाच्या काट्याने भोकं पाडली. दोरा नव्हता. तेव्हा त्याने मनगटावरचा दोरा सोडला आणि सातही गाठी एकेक करून उकलल्या. पाचवी गाठ दातांनी सोडावी लागली. त्याच दोऱ्याने त्याने वहाणा शिवल्या आणि रीतीप्रमाणे शेवटचा टाका उघडा ठेवला.

"पाऊल टाका, महाराणी."

इरावतीने दगडातून पाऊल उचललं. भिंत खचावी तसा तिच्या अंगावरून दगड ओघळला. एक पाऊल. दोन. तीन. ती खाली बसली. दौलू दगडी मांड्यांनी सरपटत तिच्याजवळ गेला आणि त्याने गाठ मारली.

वहाणा गप्प झाल्या.

राणी उठली, वळणापलीकडे गेली आणि धुक्यातून तिने हाक दिली, "वाट कुणाची?"

"चालणाऱ्याची!" दौलू ओरडला. एवढ्या मोठ्याने तो जन्मात ओरडला नव्हता.

मागून म्हातारी म्हणाली, "चालणाऱ्याची!" शिपाई म्हणाला, "चालणाऱ्याची, आणि वाकून चालणाऱ्याचीसुद्धा!" मग रांगेतले सगळे दगड बोलले. दौलूच्या पायांचा दगड तडकला. थांबलेली संध्याकाळ खाली उतरली आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याची त्याची सावली येऊन पडली. राजवाड्यात कंकाळ मांत्रिकाच्या हातातली गाठीची दोरी राख झाली. ती राख अंगावर पडताच तो कोळिष्टकासारखा विरला, आणि बारा वर्षांनी राजा सोमवर्मा बोलला. "माझा घोडा नको," तो म्हणाला. "मी पायी जातो."

देऊळ वळणापासून तीस पावलांवर होतं. बारा वर्षं ते तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी सांजेला राजा पोचला तेव्हा राणी पायरीवर बसली होती. त्याचे पाय फुटले होते.

"माघारी येशील?" त्याने विचारलं.

"आधी बसा," ती म्हणाली. "बाळाचं अजून आपण दोघांनी मिळून रडायचं राहिलंय."

ते दोघं रडले, आणि मग रडू थांबलं. त्या राज्यात बारा वर्षांत थांबलेलं ते पहिलं रडू. खाली गावागावांत चुलीपुढच्या बायकांनी डोळे पुसले, आणि पुसलेले डोळे कोरडे राहिले.

दौलू सभामंडपाच्या कडेला झोपला. सगुणा त्याला आठवली. दुखलं. पण दुखता दुखता झोप लागली.

सकाळी उठून त्याने बारा वर्षं देवळातच अडकलेल्या पुजाऱ्याकडून भाकरी, मीठ आणि एक दोरा मागून घेतला आणि सगळी भाकरी खाल्ली. मग खालच्या पायरीवर आपलं फडकं पसरलं, त्यावर रापी आणि काळा काटा मांडला. देवळापुढे दगडातून उठलेली माणसं घरी निघायला उभी होती, सगळी अनवाणी.

"आजी," त्याने म्हातारीला हाक मारली, आणि या वेळी तिच्या तोंडाकडे बघून हाक मारली, "पाय पुढे करा."

त्याने नवा दोरा तिच्या टाचेला लावला, अंगठ्यापर्यंत नेला आणि पहिली गाठ मारली.