पाणमांजरांचा काठ

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याला धुतलेली ठाणं वाळवण्यासाठी नदीचा एक काठ हवा होता. अलीकडे मोकळी वाळू, पलीकडे वाळुंज-जांभळांची गच्च जाळी. जाळी तोडूनही जागा करता आली असती. गावाची अट एकच होती, पाणमांजरांचं घर मोडायचं नाही. तिथल्या भोयांचा कुळाचारच होता की जाळ्यातला पहिला मासा पाणमांजराचा. तेव्हा काठ ठरवण्याचं काम मठातल्या वृद्ध आचार्यांकडे आलं आणि त्यांनी ते शिष्यावर सोपवलं.

शिष्य कामाला वाघ. त्याने दोन्ही काठ पालथे घातले. वाळूवर रोज पावलांचे ठसे, माशांचे खवले, खेकड्यांच्या कवचांचा चुरा. जाळीत मात्र शोधूनही एक ठसा सापडेना. एकदा वाळूवर लोळणारी दोन पिल्लं दिसली आणि त्याचा त्यांच्यावर जीवच जडला.

“आचार्य, पाणमांजरं वाळूवर राहतात. जाळी खुशाल तोडू द्या,” त्याने सांगितलं.

आचार्यांनी व्यापाऱ्याला बोलावलं आणि वाळूच देऊन टाकली. फक्त उन्हं कलली की ठाणं उचलायची, एवढं बजावलं.

शिष्याची मती गुंग झाली. आपण उलट बोललो, की आचार्यांनी उलट ऐकलं? पिल्लांच्या काळजीने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी धीर करून त्याने विचारलं, “माझं काही चुकलं का?”

आचार्यांनी त्याला नदीवर नेलं. आधी वाळूवरून चालवलं, मग उथळ पाण्यातून पलीकडे नेऊन जाळीतल्या मुळांवरून. “आता तुझी पावलं दाखव.”

वाळूवर ती स्पष्ट होती. मुळांवर काहीच नव्हतं.

“म्हणजे इथे तू आलाच नाहीस?”

शिष्याने वाकून मुळांवरून हात फिरवला.

“बाळा, वाळू ठसा धरते, मूळ धरत नाही. खुणा कुठे टिकतात, तेवढंच तू शोधलंस. वाळू हे त्यांचं अंगण. तिथे ती खातात, अंग कोरडं करतात. ठाणं उचलली की संध्याकाळी ती तिथे येतील. पण पिल्लं निजवायला आडोसा लागतो. तो मोडला, तर त्यांना नदीच सोडावी लागेल.”

उन्हं कलली. समोर व्यापाऱ्याची माणसं ठाणं गुंडाळून निघाली. थोड्या वेळाने शिष्याच्या अगदी पायाखालच्या मुळांतून एक मादी पाण्यात उतरली, मागोमाग दोन पिल्लं. याच मुळांवर उभं राहून त्याने रोज ‘इथे काही नाही’ म्हटलं होतं. आनंदाने आणि शरमेने त्याचे डोळे भरून आले.

‘इथे काही नाही’ म्हणण्याआधी माणसाने आपल्या पायाखाली एकदा पाहावं.