किरकोळचा शिक्का

फार पूर्वी, राजेलोकही अंगरख्याला बटणं न लावता कापडाचे बंद बांधायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका राजधानीत एक शिंपीण राहत होती. तिची शिवण अशी, की कापड फाटेल पण टाका उसवायचा नाही. तिच्याकडे तिच्या आईची कात्री होती. त्या कात्रीने ती कुणाला साधा कागदही कापू देत नसे. कागद कापला की कापड कापायची धार गेलीच म्हणून समजा.

एके दिवशी ती विहिरीवर गेली असताना शेजारचा हलवाई आला, न विचारता कात्री उचलून घेऊन गेला आणि त्या कात्रीने चक्क पत्रा कापला. कढईला ठिगळ लावायचं होतं म्हणे. शिंपीण परतली तर पात्याला दाते पडलेले.

"अहो भाऊ, काय केलंत हे?" ती कळवळून म्हणाली.

"कात्रीच ना ती, शिंपीणबाई?" हलवाई जिलब्या तळता तळता म्हणाला. "कापायलाच असते. चार जिलब्या घेऊन जा आणि राग गिळा."

तिला जिलब्या नको होत्या. धार लावून द्यावी आणि चुकलं म्हणावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. हलवायाने दोन्ही केलं नाही. इकडे चोळ्यांचे गळे वाकडे कापले जाऊ लागले आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली. तिचं घर त्या कात्रीवर चालत होतं.

ती दरबारात अर्ज घेऊन गेली. कारकुनाने विचारलं, "जमीन गेली?"

"नाही."

"घर? गाईगुरं? सोनंनाणं?"

"कात्री," ती म्हणाली.

कारकुनाने एक मोठा शिक्का उचलला आणि अर्जावर ठाणकन मारला. 'किरकोळ'. म्हणजे चला, घरी जा. कारकून वाईट नव्हता हो, नियमच तसा होता. मोठ्या तंट्यांचेच निकाल वर्षानुवर्षं लागत नव्हते, तिथे कात्रीला कोण विचारतो? शिंपीण तीनदा गेली आणि तीन शिक्के घेऊन आली. त्या शहरात असे शिक्क्यांचे कागद घरोघरी पडलेले होते. कुणाचा पाटा नेऊन फोडलेला, कुणाच्या वेलावर शेजाऱ्याची शेळी चरलेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पुढे दसरा आला. राजाच्या नव्या अंगरख्याचं काम शिंपिणीकडे आलं. दाते पडलेल्या कात्रीने कापताना तिच्या बोटांना फोड आले, पण अंगरखा असा झाला की बघत राहावं. फक्त आठ बंदांपैकी पोटावरचा एक तिने लावला नाही. मुद्दाम.

दसऱ्याच्या दरबारात आपट्याची पानं द्यायला राजाने हात पुढे केला आणि अंगरखा पुढून उघडला. सरदारांनी मिशीत हसू दाबलं. शिंपिणीला लगेच बोलावणं गेलं.

"बाई, आठवा बंद कुठे आहे?" राजाने विचारलं.

तिने मान ताठ ठेवली. "सात लावलेत, महाराज. एकच राहिला. किरकोळ आहे."

"किरकोळ? अख्ख्या दरबाराने आमचं पोट पाहिलं."

शिंपिणीने पदराची गाठ सोडून तीन कागद पुढे ठेवले. "हे माझं पोट आहे, महाराज. त्याच्यावर तुमच्या दरबाराने हा शिक्का मारलाय."

राजाने कागद वाचले आणि तो वरमला. माणूस दिलदार होता. म्हणाला, "बाईंना खजिन्यातून नवी कात्री द्या, चांदीच्या मुठीची."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मुकाट्याने कात्री घेतली असती आणि मुजरा ठोकून घर गाठलं असतं. घरात पीठ संपत आलेलं होतं, तिलाही क्षणभर मोह झाला. पण ती म्हणाली, "मेहरबानी नको, महाराज. मी तर कात्री घेऊन घरी जाईन. उद्या कुणाचं खुरपं मोडलं, तर त्याने कुणाच्या अंगरख्याचा बंद काढायचा?"

राजाने लेखणी मागवली.

कायदा झाला. लहान तंट्यांसाठी वेगळी कचेरी, तीही भर बाजारात, बाजाराच्याच दिवशी. अर्जाचं शुल्क एक विड्याचं पान आणि एक सुपारी. वकील नको, जो तो आपल्या बोलीत बोलेल. तीन बाजारांच्या आत निकाल. पंडितांनी कचेरीला भलंमोठं संस्कृत नाव काढलं होतं, पण शिंपीण म्हणाली, "किरकोळ कचेरीच म्हणा. आणि शिक्का तोच ठेवा. आजवर तो दार लावायचा, आता उघडू दे."

पहिल्या दिवशी पहिला नंबर तिचाच होता. न्यायाला बसले होते एक म्हातारे पंतोजी. हलवाई म्हणाला, "कात्री कापायलाच असते."

"बरोबर," पंतोजी म्हणाले. "झाराही उपसायलाच असतो. तुमच्या झाऱ्याने समोरचं गटार उपसून घेऊ का?"

बाजार खदखदून हसला. हलवायाने मान खाली घातली. "चुकलं, शिंपीणबाई," तो म्हणाला आणि तिथल्याच शिकलगाराकडून कात्रीला धार लावून आणून दिली.

"दुसरा दावा," कारकुनाने हाक दिली आणि तो ताडकन उभाच राहिला. रांगेत, हातात पान-सुपारी घेऊन, राजा उभा होता. दुसऱ्या हाताने त्याने अंगरखा धरून ठेवला होता.

"दावा एका बंदाचा आहे," राजा म्हणाला.

पंतोजींनी घसा खाकरला. "शिंपीणबाई, कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. "मुद्दाम केलं, पण अपुरं ते अपुरंच. चुकलं माझं."

"मग आत्ता लावून द्या."

तिने आईची कात्री उचलली. कापड एका झटक्यात, सरळ रेषेत कापलं गेलं. भर बाजारात बसून तिने आठवा बंद टाचला आणि राजाने तो आपल्या हाताने बांधला. कारकुनाने दोन्ही कागदांवर शिक्का ठाणकन मारला. शिंपिणीचा ऊर भरून आला. ज्या कचेरीत तिला न्याय मिळाला, तिथेच राजाही रांगेत उभा राहिला होता, आणि ती कचेरी तिने मागून घेतली होती.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ज्याचं नुकसान होतं त्याला ते कधीच किरकोळ नसतं, म्हणून मेहरबानी एकट्यासाठी घेऊ नये, न्याय सगळ्यांसाठी मागावा.