दाराकडे पाठ

"पण पहिल्या तीन मिनिटांत माणूस टीव्हीसमोर खिळतो कशानं, तेवढं सांगा ना आबा."

आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "तुझ्या कॉलेजात नाय शिकवल्यानी?"

शिकवलं होतं. शाल्मलीकडे त्या विषयातली पदवीच होती. आणि नव्या मालिकेचा तिनं लिहिलेला पहिला भाग वाहिनीकडून दोनदा परत आला होता. आता सोमवारी तिसऱ्यांदा पाठवायचा. या खेपेला जमलं नाही तर दुसऱ्या कुणाकडे देऊ, असं तिला फार गोड आवाजात सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून गोड बोलणाऱ्यांचा तिला संशय येई. कमी बोलणाऱ्यांचा त्याहून जास्त.

आणि आबा तर मोजून मापून बोलत.

साठ वर्षं त्यांनी चित्रकथीचे खेळ केले होते. देवळाच्या अंगणात एकेक चित्र पुढे धरायचं आणि कथा सांगायची. पहिल्या चित्रालाच गाव जागच्या जागी बसतं, असं तिनं ऐकलं होतं. तेवढ्या ऐकीव गोष्टीवर चार वर्षांच्या रेवाला कडेवर घेऊन ती कुडाळजवळच्या या वाडीत येऊन धडकली होती. बाई शिकलेली आहे, असं म्हणतात.

ती भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसली.

"थय नको. हय बस."

आबांनी दाखवलेल्या जागी दार पाठीमागे येत होतं.

"का?"

"दाराकडे तोंड सांगणाऱ्याचा. ऐकणाऱ्याची पाठ. आमची रीत."

"पण आज तर मी वाचणार आहे."

"तू वाचतलंस. सांगणारो मीच."

ती उठली, सांगितलेल्या जागी बसली. पण मन काही बसलं नाही. बाहेर अंगणात रेवा कोंबडीच्या पिल्लांमागे धावत होती, आणि अंगणाच्या टोकाला विहीर होती. आल्या आल्या तिनं आधी तीच पाहिली होती. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. "जाळी घातलेली आसा," असं आबांची बायको म्हणाली होती. वाकून बघणं बरं दिसलं नसतं, म्हणून शाल्मली हसून मान हलवून आत आली होती.

बघायला हवं होतं.

"वाच," आबा म्हणाले.

ती वाचू लागली. बंगल्याला आग. जळत्या मांडवातून पळणारी नवरी. नवरीच्या गालावर सासूची थप्पड. आणि वर्षापूर्वी मेलेल्या दिराचा फोन वाजतो...

आबांची नजर तिच्या खांद्यावरून दाराबाहेर गेली. तिथंच थांबली.

"काय झालं?"

"काय नाय. वाच."

तिनं पुढची ओळ धरली. धाकट्या जावेच्या पर्समधून पिस्तूल...

अडकित्त्याचा आवाज थांबला.

आबा पुन्हा तिकडेच बघत होते. डोळे जरा बारीक करून.

रेवाचा आवाज येत होता ना? मघाशी येत होता. आता कोंबडीचाही नव्हता. हा म्हातारा मुद्दाम करतोय, तिला वाटलं. लगेच दुसरं वाटलं. मुद्दाम नसलं तर?

"रेवा?" तिनं मान न वळवता, सहज मारल्यासारखी हाक मारली.

...

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

शाल्मली उठली तशी मांडीवरचे कागद घरभर झाले. उंबऱ्यात ठेच लागली, ती तिला नंतर कळली. विहिरीवर लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप होतं. आणि पडवीच्या कोपऱ्यात रेवा आबांच्या बायकोला चिकटून बसली होती. दोघींची तोंडं फणसाच्या गऱ्यांनी इतकी भरलेली की बोलणार कशा?

रेवाला उचलून ती आत आली. पोरीचे चिकट हात तिच्या केसांत.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी काय केलंय?"

"बाहेर बघत होतात. काय होतं तिथं?"

"मांजर."

"खोटं."

"खोटा आसात."

ती एका हातानं कागद गोळा करू लागली. "मी एवढी जीव तोडून वाचत होते. आग, थप्पड, मेलेल्याचा फोन! आणि तुमचं लक्षच नव्हतं."

"मी सगळा ऐकलंय. जागचो हललंय नाय." आबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझी गोष्ट सोडून तूच उठलंस."

"माझं लेकरू बाहेर होतं, आबा!"

आबांनी अडकित्ता उचलला. सुपारीचं एक खांड कातरलं. मग दुसरं.

"आणि तुझ्या त्या जळत्या बंगल्यात," ते म्हणाले, "कोणाचा लेकरू आसा?"