चमचाभर ऊन

होड्या एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यासाठी पोशा नाखव्याची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. तिची म्हातारी बॅटरी फार थकली होती. नारळी पौर्णिमेला इंजिन सुरू झालं नाही, तर नाखवा बॅटरीला भंगारात देणार होता.

होडीच्या टपावर एक छोटं सौर पॅनेल होतं. ढगांतून मिळेल तेवढं ऊन ते बॅटरीला पाजायचं.

"पोरा, चमचाभर देतोस आणि दिवसभर जागवतोस," बॅटरी करवादली. "झोपू दे मला."

"मावशी, रोज तुझं चमचाभरच गळतं. मी तेवढंच भरतो."

एकदा नाखव्याने धुतलेलं जाळं नेमकं टपावर पसरलं. पॅनेल झाकलं गेलं. बॅटरीला आधी बरं वाटलं, पण हळूहळू तिच्या अंगातलं बळ ओसरू लागलं.

"अरे जाळ्या, जरा सरक ना!" ती कण्हली.

"मीही थकून पडलोय. मला कोण उचलणार?"

शेवटी नाखवीण जाळं शिवायला घेऊन गेली, तेव्हा कुठे पॅनेल मोकळं झालं.

पौर्णिमेला इंजिन एका दमात धडधडलं. नाखव्याने इंजिनाचीच पाठ थोपटली.

"उद्याही जागवशील ना रे?" बॅटरीने हळूच विचारलं.

"ऊन आलं तर, मावशी," पॅनेल म्हणालं.