तामडा का फुटला

डोंगर आपापसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. ओढ्याने वाहून आणलेला चिखल एका कातळाच्या आडोशाला थांबला.

कातळ कडाडला, "ऊठ इथून! आम्ही जन्मापासून टणक. चिखलाशी आमचा काय संबंध?"

"पाणी मला वाहून नेईल हो," चिखल काकुळतीने म्हणाला.

कातळात तामडा नावाचे लालबुंद रत्न होते. त्याला राहवेना. "कातळदादा, तुम्हीही एके काळी चिखलच होतात. जमिनीखालच्या दाबाने आणि उष्णतेने बदललात. तेव्हाच मी तुमच्यात थराथराने वाढलो."

"पुरावा दाखव!"

पुरावा तामड्याच्या पोटात होता. शेजारचे अभ्रक कळवळले, "अरे, फुटलास तर तुला रत्न कोण म्हणेल?"

तामडा क्षणभर घुटमळला. मग कातळातली जागा सोडून तो खालच्या दगडांवर आपटला आणि दुभंगला.

आतल्या प्रत्येक थराची घडण वेगळी होती. कडेच्या थरांत खोलवरच्या उष्णतेत मिळालेली द्रव्ये होती, त्याआतल्या थरांत त्याही आधीची. अगदी मधोमध मात्र जुन्या चिखलाचे कण जसेच्या तसे होते.

कातळाने ते कण निरखून पाहिले. मग हळूच चिखलाला म्हणाला, "जरा आत सरक. पाण्याला फार ओढ आहे."