भिंतीवरचे वडील

कोल्हापूरच्या एका कलामंडळाचा अभिनयाचा पुरस्कार ठरायचा होता आणि दोनच नावं उरली होती. एक अजिंक्यराज, सिनेमाचा नायक आणि मंडळाचा मोठा देणगीदार. दुसऱ्या त्याच सिनेमातल्या गोदूताई मयेकर. त्यांचा प्रसंग एकच, पण तो संपला की थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज यायचे.

दोघांनाही बोलावलेल्या बैठकीत परीक्षक गोदूताईंकडे झुकलेले दिसताच अजिंक्यराज उसळला. "चार मिनिटांच्या कामाला पुरस्कार? मी अख्ख्या सिनेमाभर दिसतो. जो जास्त वेळ दिसला, त्यालाच द्या."

देणगी आठवून परीक्षकांनी माना डोलावल्या. गोदूताईंनी शांतपणे पदर सावरला.

"पटलं मला. मग पुरस्कार दत्तोबांना द्या."

दत्तोबा म्हणजे युनिटमधले लाइटमन. सिनेमात नायकाच्या वारलेल्या वडिलांचा फोटो हवा होता, पण जिवंतपणी आपल्या फोटोला हार घालून घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी दत्तोबांनी आपला फोटो दिला. तो दिवाणखान्याच्या भिंतीवर लागला आणि गाणी सोडली तर सगळा सिनेमा त्या दिवाणखान्यातच घडला.

"अहो, तो नुसता फोटो आहे," अजिंक्यराज म्हणाला.

"म्हणूनच म्हणते. तुम्ही घराबाहेर जाऊन येत होता, ते जागचे हलले नाहीत. आणि चेहऱ्यावरची रेष हलू न देण्यात म्हणाल, तर तुम्ही दोघं बरोबरीत आहात."

परीक्षकांना हसू आवरेना. पुरस्कार गोदूताईंना मिळाला. समारंभात टाळ्या वाजवतानाही अजिंक्यराजच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.